ज्याचा त्याचा बाजार

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

मेथीच्या चार जुड्या घेऊ. चारही एकाच शिवारातल्या, एकाच पहाटे उपटलेल्या. त्यातली एक शहरातल्या मंडईच्या गाळ्यावर जाते. दुसरी हातगाडीवर बसून गल्लोगल्ली फिरते. तिसरी सोसायटीच्या फाटकाशी भरणाऱ्या शेतकरी बाजारात क्रेटमधून उतरते आणि चौथी तालुक्याच्या गावी, बाजारच्या दिवशी, गोणपाटावर मांडली जाते. मेथी तीच. पण या चौघींची गिऱ्हाइकं सहसा एकमेकांची तोंडंही पाहत नाहीत. असं का व्हावं?

उत्तर म्हणून पहिल्यांदा ओठांवर येतो तो भाव. स्वस्त असेल तिथं गरीब, महाग असेल तिथं श्रीमंत. हे उत्तर सोपं आहे आणि बरंचसं अपुरं आहे. आठवडे बाजाराला चार मैल चालत जाणाऱ्या मजूर बाईला तिथं दर वेळी स्वस्तच मिळतं असं नाही. कोपऱ्यावरच्या हातगाडीवर दोन रुपये जास्त मोजणारा कारकूनही काही श्रीमंत नसतो. मला वाटतं, गिऱ्हाइकाच्या हातात पैसा कधी येतो आणि त्याला सवड कधी मिळते, या दोन गोष्टी त्याचा बाजार ठरवतात. भावाचा नंबर त्यानंतर लागतो.

आधी शब्दापासून सुरुवात करू, कारण मी कवी आहे आणि ती खोड जात नाही. आपण ‘बाजारहाट’ म्हणतो. त्यातला ‘बाजार’ फारसीतून आला आणि ‘हाट’ संस्कृतातल्या ‘हट्ट’वरून. अर्थ दोघांचा एकच. मराठी माणसानं दोन्ही शब्द एकाच पिशवीत घातले आणि घरी आणले. तराजू फारसीतला, वजन अरबीतलं, गिऱ्हाईक संस्कृतातल्या ग्राहकाचा मुलगा, दलाल आणि हमाल पुन्हा अरबी. बाजारात कोण कोण येऊन गेलं याची खातेवही भाषेनं अशी सांभाळून ठेवली आहे.

आता वारांकडे येऊ. पुणे, सातारा, कोल्हापूर या शहरांतल्या पेठा वारांच्या नावांनी ओळखल्या जातात. नागपुरात इतवारी आहे, मंगळवारी आहे, शुक्रवारी आहे. जुन्या काळी नवी पेठ वसवायची म्हणजे सरकारातून कौल मिळायचा. येऊन दुकान मांडणाऱ्याला काही वर्षं कराची माफी असायची आणि पेठेची व्यवस्था पाहायला शेट्ये आणि महाजन हे वतनदार असायचे. पेठ ही रोजची, कायम दुकानांची. पण गावाकडचा बाजार वाराचाच राहिला. एका गावी सोमवारी, पुढच्या गावी मंगळवारी, असं करत बाजार सगळा मुलूख फिरायचा आणि आठव्या दिवशी पुन्हा पहिल्या गावी यायचा. १८८०च्या दशकात जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली मुंबई इलाख्याची गॅझेटियर्स निघाली. त्यांत जिल्ह्याजिल्ह्यातल्या गावांचे बाजारवार नोंदवलेले सापडतात. त्यातले कितीतरी वार अजून बदललेले नाहीत. राज्यं गेली, रेल्वे आली, मोटारी आल्या. चाकणचा बाजार शनिवारचा तो शनिवारचाच, सांगोल्याचा रविवारचा आणि गोव्यात म्हापशाचा शुक्रवारचा.

वार इतका चिवट का? तर त्याला मजुरी बांधलेली आहे. गावगाड्यात बलुतेदाराला मोबदला मिळायचा तो सुगीला आणि तोही धान्यात. रोख पैशाचं काम थोडं: मीठ, मिरची, कापड, बांगड्या. जसजशी मजुरी रोखीत आली, तसतसा आठवड्याचा हिशेब आणि बाजारचा दिवस यांची गाठ घट्ट होत गेली. बाजारच्या दिवशी शेतावरचं काम बंद, आदल्या संध्याकाळी किंवा त्या सकाळी मजुरीचं वाटप, आणि मग सगळं गाव वाटेला. १९७२च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या लाखो माणसांचंही तेच. मजुरीचं वाटप लांबलं, की त्या आठवड्याचा बाजार ओस. ऊसतोडणीच्या टोळ्यांना आजही मुकादमाकडून बाजारासाठी हातखर्चाला पैसे मिळतात, त्यांना ‘खर्ची’ म्हणतात. खर्ची हातात पडते तो दिवस त्यांचा बाजाराचा. त्याच्या दुसऱ्या दिवशी कुणी अर्ध्या किमतीत वांगी देतो म्हटलं, तरी उपयोग काय? हातात पैसा नाही.

आणखी एक गोष्ट आहे, तिच्याविषयी फारसं बोललं जात नाही. गावातही वाण्याचं दुकान होतं. तरी मजूर, त्यातही दलित वस्तीतला मजूर, ते ओलांडून बाजारगावी जायचा. गावातल्या दुकानात उधारी मिळते, पण उधारीबरोबर मान खाली घालून उभं राहणंही मिळतं. मागचं देणं किती, याचा उच्चार चारचौघांत होतो. पूर्वी तर पुडी वरून टाकली जायची आणि पैसे लांबून ठेवावे लागायचे. बाजारगावी माणूस अनोळखी असतो. तिथं विटाळ संपला होता असं मी म्हणणार नाही; बाजारातही कोणी कुठं बसायचं याच्या जागा ठरलेल्या होत्या आणि कातड्याचा माल कडेलाच असायचा. पण गर्दीत नाणं पुढं करणाऱ्याचं आडनाव दर वेळी कोण विचारणार? या चार तासांच्या अनोळखीपणासाठी माणसं चार मैल चालत होती, असं मला वाटतं. त्या बाजारात गरम भजी खायची, पोरांना रेवड्या घ्यायच्या, माहेरचं कुणी भेटलं तर दोन गोष्टी बोलायच्या, हे सगळं त्या हिशेबातच यायचं.

शहरातल्या मंडईचा हिशेब वेगळा. मुंबईची क्रॉफर्ड मार्केटची इमारत १८६९ साली पुरी झाली. विल्यम इमर्सन यांनी ती आखली आणि तिथली शिल्पं लॉकवुड किपलिंग यांची. पुण्यात पूर्वी बाजार भरायचा शनिवारवाड्यासमोरच्या मोकळ्या मैदानात, उन्हापावसात. १८८६ साली शुक्रवार पेठेत रे मार्केट उघडलं. गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाचं, अष्टकोनी, वर मनोरा असलेलं. या बांधकामाला नगरपालिकेत विरोध केला होता जोतीराव फुले यांनी. ते १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. बाजारावर एवढा पैसा ओतण्यापेक्षा तो गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, असं त्यांचं म्हणणं. पुढं काळानं गंमत केली. पुण्याच्या त्याच मंडईला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं आणि मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटलाही. ज्या घराण्याला फुलांच्या व्यवसायावरून आडनाव मिळालं, त्या घरातल्या माणसाचं नाव मंडईला शोभतंच. पण त्यांचा विरोध विसरून नुसतं नाव लावणं मला खटकतं. शिक्षणाबद्दल त्यांचं बरोबरच होतं. डोक्यावरून पाटी वाहून आणणाऱ्या बायांना त्या इमारतीनं सावली दिली, हेही तितकंच खरं.

मंडईत जाणारा माणूस कोण होता? नोकरदार. शाळामास्तर, कारकून, वकील, पेन्शनर. हातात कापडी पिशवी, सकाळची वेळ किंवा कचेरीतून परतताना. पुण्यात हे काम पुष्कळ घरांत पुरुषांकडे होतं आणि ते अभिमानानं केलं जायचं. वांगं दाबून पाहायचं, भेंडीचं टोक मोडून पाहायचं, भावावरून दोन शब्द, राजकारणावरून चार. आता इथं एक उलटी गोष्ट दिसते, ती मला या सगळ्या इतिहासात सगळ्यांत बोलकी वाटते. ज्याला पगार महिन्यानं मिळतो तो भाजी रोज घेतो. ज्याला मजुरी रोजच्या रोज लागू होते तो बाजार आठवड्यानं करतो. का? महिन्याचा पगार एकदा घरात आला, की डब्यात रोज थोडी चिल्लर असते. म्हणून तो ताज्या भाजीची चैन करू शकतो, रोज निवडू शकतो, आज नको उद्या घेऊ म्हणू शकतो. मजुराला ‘उद्या’ ही सोय नाही. आठ दिवसांचं एकदम घ्यायचं: कांदे, बटाटे, लसूण, सुकी मिरची, टिकणारं ते आधी. पालेभाजी एक-दोन दिवसांची, पुढचे दिवस कोरड्यासावर. एकाच तालुक्यात दोघांच्या पानातली भाजी निराळी असते, तिचं कारण आवडीनिवडीत शोधू नये.

आणि १८८६ सालीच, तिकडं वऱ्हाडात, आणखी एक बाजार सुरू झाला. कारंजा इथं, कापसाचा. नियमानं चालणारा आपल्या देशातला पहिला बाजार म्हणून त्याची नोंद आहे. १८९७ साली वऱ्हाडातल्या कापूस आणि धान्य बाजारांसाठी कायदाच झाला. तळमळ होती मँचेस्टरच्या गिरण्यांना चांगला, बिनभेसळीचा कापूस मिळण्याची. शेतकऱ्याची काळजी मागाहून आली. १९२८च्या शेती आयोगानं शिफारस केली, मुंबई इलाख्यात १९३९चा कायदा आला आणि महाराष्ट्रात १९६३चा. रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवायची रीत, अडत, हमाली, तोलाई, वर कडता, यातून शेतकऱ्याला सोडवायला बाजार समित्या निघाल्या. त्यांनी पुष्कळ केलं, आणि पुष्कळ नवे जाचही उभे केले. आपल्या विषयापुरतं सांगायचं तर इथं खाणारं माणूसच दिसेनासं झालं. पुण्याचा घाऊक व्यवहार मंडईतून गुलटेकडीला गेला, मुंबईचा १९९६ साली वाशीला. मंडईतला विक्रेता आता बहुतेक वेळा यार्डातून माल उचलणारा व्यापारी असतो. आठवडे बाजारातलाही. शेतकऱ्याचा म्हणून आपण ज्या बाजाराकडे कौतुकानं पाहतो, तिथं अर्ध्याअधिक जागांवर बाजारामागून बाजार करत फिरणारे विक्रेते बसलेले दिसतात. त्यांना नावं ठेवायचं कारण नाही; तोही कष्टाचाच धंदा आहे.

तो धंदा मी जवळून पाहिला आहे. माझं आजोळ बागवानांचं. महाराष्ट्रात फळं आणि भाजी विकणारी ही मुसलमान जमात. कुठल्याही मंडईत बागवानांच्या जागा असतात आणि बऱ्याच गावांत बागवान गल्लीही असते. नानी बाजारात बसायची. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण पंचांग आणि चांद दोन्ही पाठ होते. आषाढी एकादशीच्या दोन दिवस आधी रताळी आलीच पाहिजेत, श्रावणात कांदा कमी घ्यायचा, रमजानमध्ये टरबूज, केळी दुपारनंतर मांडायची, कारण रोजा सोडायला फळ नेणारं गिऱ्हाईक चारनंतरच येतं. गिऱ्हाइकं तिला ‘चाची’ म्हणायची, ती त्यांना ‘वैनी’ आणि ‘मास्तर’. मी हे रेडिओवर बोलतोय, नाहीतर तिच्या जागेचा ओल्या कोथिंबिरीचा वास तुमच्यापर्यंत पोचवला असता.

नानीच्या जागेवर एकाच दिवसात दोन बाजार व्हायचे. सकाळचा तराजूचा. मास्तर, डॉक्टरांच्या घरचे, कचेरीतले. पाव किलो, अर्धा किलो, निवडून, पारखून. आणि दिवस कलला की दुसरा. तराजू बाजूला जायचा आणि ती वाटे लावायला बसायची. चार टोमॅटो, त्यातला एक मऊ. सहा वांगी. मूठभर मिरच्या. वाट्याला वजन नसतं, भाव असतो. बांधकामावरची माणसं, धुणीभांडी करून परतणाऱ्या बाया, हमाल, सगळे त्या वेळी यायचे. नानी म्हणायची, सकाळचं गिऱ्हाईक भाव विचारतं आणि संध्याकाळचं वाटा बघतं. ते मुठीतले पैसे घरूनच मोजून आलेलं असतं. या संध्याकाळच्या बाजाराची दखल कुठल्या अहवालात फारशी घेतलेली मी पाहिली नाही. पण शहरातला गरीब माणूस भाजी खाऊ शकतो तो या दोन तासांमुळं. विकणाऱ्यालाही ते बरं, कारण रात्रीपर्यंत उरलेली मेथी उद्या फेकायचीच असते.

गोव्यात तिसराच प्रकार पाहायला मिळतो. म्हापशाच्या शुक्रवारी आसपासच्या गावांतून बायका आपापल्या परसातलं घेऊन येतात आणि मे महिन्यात त्या बाजाराची चाल बदलते. पावसाळ्याची बेगमी, तिला तिथं ‘पुरुमेंत’ म्हणतात. शब्द पोर्तुगीजांकडून आलेला. सुकी मासळी, मिरच्या, आमसुलं, चार महिन्यांचं एकदम. आपल्याकडं मध्यमवर्गीय घरांत उन्हाळ्यात वर्षाचे गहू भरतात, त्यातलाच हा प्रकार. हे गिऱ्हाईक वर्षाकडं पाहून बाजार करतं. त्यासाठी आधी गाठीला पैसा हवा आणि घरात कोरडी जागा हवी. एका खोलीत राहणाऱ्याला ही काटकसर परवडत नाही.

शेतकऱ्यानं थेट खाणाऱ्याला विकावं, मधला अडत्या नको, हा विचार सरकारी पातळीवर पुढं आला तो पंजाबात. १९८७ साली तिथं ‘अपनी मंडी’ सुरू झाली. १९९९च्या जानेवारीत आंध्रात ‘रैतु बाजार’ आले. हा रैतु म्हणजे आपला रयतच. त्याच वर्षी नोव्हेंबरात तमिळनाडूत ‘उळवर संदै’ उघडले. आपल्याकडं मुंबईत वांद्र्याला २०१० साली सेंद्रिय मालाचा रविवारचा शेतकरी बाजार सुरू झाला. २०१६ साली फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर विकायला मोकळीक मिळाली आणि संत सावता माळी यांच्या नावानं शेतकरी आठवडे बाजारांचं अभियान राज्य सरकारनं हाती घेतलं. कांदा-मुळा-भाजीतच विठ्ठल पाहणाऱ्या संताचं नाव, त्याहून चांगलं कुठलं सापडणार होतं! २०२०च्या टाळेबंदीत तर शेतकऱ्यांचे गट थेट सोसायट्यांच्या फाटकांवर आले.

या नव्या बाजारातलं गिऱ्हाईक पाहिलं की वर सांगितलेला हिशेब आणखी एकदा फिरलेला दिसतो. मंडईत रोज जाणाऱ्या मास्तरांची नातवंडं आता आठवड्यानं भाजी घेतात. घरात फ्रीज आला, नवरा-बायको दोघंही नोकरीला गेली, आणि रोजचा बाजार संपला. मजूर आठवडे बाजार करतो कारण पैसा आठवड्यानं येतो. संगणकावर काम करणारं जोडपं आठवडे बाजार करतं कारण सवड आठवड्यानं येते. वार तोही बऱ्याचदा रविवारच. फक्त दोन रविवार दोन जागी भरतात. सेंद्रियवाल्याला मेथी कुठल्या शेतातली, खत कुठलं, हे विचारायचं असतं. त्यासाठी तो जास्त पैसे मोजतो आणि शेतकऱ्याशी बोलल्याचं समाधानही घरी नेतो. मी त्याची थट्टा करणार नाही. शेतकऱ्याच्या हातात चार पैसे जास्त पडत असतील, तर ते समाधान खुशाल न्यावं.

पण त्या बाजारात संध्याकाळ नाही, हे मात्र सांगितलं पाहिजे. मी राहतो त्या भागात असा बाजार सकाळी सातला भरतो आणि अकराच्या आत उठतो. वजनाचा काटा आहे, पाकिटं आहेत, मोबाइलवर पैसे घ्यायची सोय आहे. वाटा नाही, उधारी नाही. त्याच सोसायट्यांत धुणीभांडी करणाऱ्या बाया त्या वेळी कुणाच्या तरी मोरीत भांडी घासत असतात. कामावर येताना त्या बाजाराशेजारूनच येतात, पण थांबत नाहीत. आणि सकाळच्या भावात एक किलो घ्यायचं, तर दिवसभर ते ठेवायचं कुठं?

एकदा मी तिथल्या एका तरुण शेतकऱ्याला विचारलं, “दादा, संध्याकाळपर्यंत का बसत नाही? माल तर उरलाय.”

तो क्रेट रचत होता. म्हणाला, “चाचा, आम्ही सात जण मिळून टेम्पो करतो. बारानंतर थांबला तर तो थांबायचे वेगळे पैसे लावतो. घरी जाऊन उद्याचा माल काढायचा, वीज रात्री येते, पाणी द्यायचं. संध्याकाळ कुठून आणू?”

“मग उरलेलं?”

त्यानं रस्त्यापलीकडं बोट दाखवलं. तिथं एक हातगाडीवाला वाट पाहत उभा होता. “त्याला देऊन टाकतो, मिळेल त्या भावात. तो पाणी मारून ठेवतो, आणि सहानंतर मागच्या वस्तीत वाटे लावतो.”